जात्यातली मूठभर ज्वारी

दुसऱ्या कुणाचं ऐकून सांगत नाही. हे माझ्याच हातून झालंय, आमच्या तलवाड्यात, भर दुपारी.

गावात एक जुनं दगडी घर आहे. गावानं ते दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केलं. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला माईक लागतोच! म्हणून घर दाखवायचं काम माझ्याकडे.

माजघरात एक जातं आहे. बहात्तरच्या दुष्काळात घराच्या मालकीण जाईबाई त्यावर दळून उपाशी माणसांना भाकरी द्यायच्या. त्यांच्या सूनबाई, कौशल्याबाई, आता तिथंच राहून घर सांभाळतात.

जात्याच्या तोंडात त्या कायम मूठभर ज्वारी ठेवतात.

"रिकामं जातं फिरवू न्हाई, सायली. उपाशी माणसाला कामाला जुंपल्यावानी हाय ते."

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे जेवायला गेले, तेव्हा मैत्रीण मंजुषानं मोबाईल काढला. "फिरव की! लई भारी व्हिडिओ येईल."

नव्या साडीवर पीठ नको, म्हणून ज्वारी काढून मी कोंबड्यांना टाकली.

आणि फिरवलं.

घर्र... घर्र...

मी हात काढला. जातं थांबलं.

आवाज थांबला नाही...

मंजुषा पळाली. कौशल्याबाई धावत आल्या.

"रिकामं कुनी फिरवलं?"

"मी न्हाई, मावशी."

निघून गेलं तोंडातून.

त्या मटकन खाली बसल्या. जात्यात सासूबाईच बसल्यात असे त्याला हात जोडले. "मीच इसरले आसंल मूठ ठेवायला. चुकले, आत्याबाई."

त्यांनी ज्वारी घातली, जातं फिरवलं.

पीठ आलं नाही...

आणखी एक मूठ. कणभरही नाही.

आवाज तेवढा थांबला.

तेव्हापासून रोज दुपारी तो सुरू होतो. कौशल्याबाई आपल्या भाकरीची ज्वारी त्याला घालतात, तेव्हा कुठं गप्प होतो.

"मावशी, लई वाळलात तुमी. खा की."

"चूक माझी, तर उपास बी माझाच."

इकडे थांबलेल्या जात्याच्या घरघरीचा माझा व्हिडिओ गाजला; कौशल्याबाईंकडे मोबाईल नाही, त्यांनी तो पाहिलाच नाही. जो तो म्हणतो, काय धीट पोरगी आहे!

मागच्या रविवारी खरं सांगून टाकायचं ठरवलं. घरून ज्वारीची पुडी बांधून नेली. उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि आतला आवाज बंद झाला...

जणू कुणी ऐकायला थांबलं.

कौशल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "काय गं, पोरी?"

"काही न्हाई. सहज आले."

घर्र... घर्र...

पुडी अजून माझ्या दप्तरात आहे. मी ती उघडलेली नाही.

पण रोज थोडी हलकी लागते...