निंबाळीचं गाणं

हिंगणघाटला माझं छोटं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. लोक आपापल्या गावावर गाणी करून घेतात. मी लिहितो, माझी बायको प्रेरणा गाते. त्यातलं निंबाळीचं गाणं फार चाललं. वरातीत, ऑटोत, जिथं जावं तिथं तेच.

निंबाळी मात्र आता नाही. धरणात गेली, त्यालाही पंधरा वर्षं झाली. रोहण्याच्या म्हाताऱ्या यशोदाबाईंचं ते माहेर. त्यांनीच आठवून आठवून ते गाणं माझ्याकडून लिहून घेतलं. ध्रुवपद साधंच होतं. ‘निंबाळीच्या वाटेनं कोण आलं गं, कोणाची लेक?’ नुसता प्रश्न. उत्तर मी लिहिलंच नव्हतं.

गाणं गाजलं म्हणून गेल्या मे महिन्यात त्याचा व्हिडिओ करायचं ठरलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावातल्या घरांची जोती उघडी पडतात. आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. पोहोचलो तेव्हा ऐन दुपार होती. भेगाळलेला गाळ, वाळलेले शिंपले, कुजल्या शेवाळाचा वास. जोत्यांची एक ओळ सरळ पाण्यात उतरत गेलेली. वारा नाही, पाखरू नाही.

मी मोबाइल स्टँडवर लावला, स्पीकर सुरू केला. हिरवी साडी नेसलेली प्रेरणा गाण्यावर ओठ हलवत जोत्यांमधून चालू लागली.

‘...कोण आलं गं, कोणाची लेक?’

“आमची...”

आवाज पाण्याकडून आला. दोन-तीन बायांचा. ओसरीवरून हाक द्यावी तसा, अगदी घरगुती. मी घाईनं स्पीकर बंद केला. प्रेरणा थांबली नाही. ती शेवटच्या जोत्याआड गेली.

मी धावलो. गाळात पाय रुतत होते. जोत्यामागं कोणी नव्हतं. नुसतं पाणी, आणि तेही हलत नव्हतं.

किती हाका मारल्या कोण जाणे. मोबाइल चालूच होता. नंतर पाहिलं तर सतरा मिनिटं. मग ती माझ्या पाठीमागून आली. कपाळावर ओलं कुंकू. पदर दोन्ही हातांनी सावरलेला, जड.

“कुठं गेलती तू?”

“काऊन ओरडून राह्यले?” ती हळूच म्हणाली. “बायांनी बसवून घेतलं ना... माही ओटी भरली.”

“कोणत्या बाया?”

“माहेरच्या.”

प्रेरणाचं माहेर वर्ध्याचं.

पदरात तांदूळ होते, एक खण, एक नारळ. मी ते तिथंच टाकायला गेलो, तर तिनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ दोन दिवस गेले नाहीत.

घरी आल्यावर मी यशोदाबाईंना फोन लावला. “आजी, गावात पाणी आलं तवा कोणी बुडालं होतं काय?”

“नाई रे बापू. महिनाभर आधीच सारे जित्ते उठून गेलते. एकही जीव गेला नाई. काऊन विचारतं?”

मी सगळं सांगितलं.

“बापू... तो नारळ फोडजो नोको.”

“काऊन?”

फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. आजवर उचललेला नाही.

प्रेरणा तशी ठीक आहे. स्वयंपाक करते, बोलते, हसते. गाणं मात्र सोडलं. दुपारी जेवणं आटोपली की देव्हाऱ्यातला तो नारळ उचलते आणि कानाशी धरून बसते.

“काय ऐकतं?” मी परवा विचारलं.

तिनं नारळ माझ्या हातात दिला.

मी दोन्ही कोपर टेबलावर टेकवले, हात जराही हलू दिला नाही, आणि नारळ कानाला लावला. आत पाणी काठाला लागत होतं. एक लाट... थोडं थांबून दुसरी...