नववी चिप

आमची पहिली ओळख झाली ती माझ्या चपलेखाली.

१९९९ सालचा श्रावण. राजारामपुरीतल्या आमच्या डिझाइन सेंटरमध्ये मी छत्री झटकत शिरले, खुर्ची ओढली, पाय टेबलाखाली सारले... आणि कुणीतरी ओरडलं, "आई गं!"

टेबलाखालून आधी एक हात बाहेर आला. मग दातांत स्क्रूड्रायव्हर धरलेला चेहरा.

"काय ओ पावणं, माझ्या टेबलाखाली काय चाललंय?"

"तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. बोटं शिल्लक ऱ्हायली तर."

हा बसवेश. कागलहून रोज एसटीनं येणारा, सावकाश बोलणारा आणि हसताना ओठांच्या आधी डोळ्यांनी हसणारा. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाची बोटं चेंगरल्यावर मुलीनं काय करायचं? मी चहा मागवला. तिथंच फसले.

मी इचलकरंजीच्या मागवाल्यांसाठी साड्यांचे काठ काढायची. पडद्यावर एकेक ठिपका भरायचा. त्या ठिपक्यांवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि त्या भोकांप्रमाणे मागावर धागा उचलला जायचा. शेजारच्या टेबलावर स्नेहल पत्रं टाइप करायची. लांब वेणी, गोड गळा... आणि तिचा माऊस दर दोन दिवसांनी अडायचा. अडणारच! बसवेश त्यातली गोळी काढून पुसून द्यायचा ना. तीही स्वतःच्या रुमालानं. माझ्या माऊसला मेलं काही होईना.

मग एक दिवस त्यानं आम्हा दोघींच्या मशीनला मेमरीच्या नव्या पट्ट्या बसवल्या. स्नेहलचं मशीन भुर्रकन पळू लागलं. माझं मात्र रेंगाळायचं. मी मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं – एकच मोर रंगवायला तिच्याकडं सात सेकंद, माझ्याकडं नऊ!

"माझं मशीन हळू का ओ?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी हळूच बरं हाय," तो म्हणाला. आणि वर हसला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिला पळणारं आणि मला रेंगाळणारं! दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मी सरळ माझ्या फ्लॉप्या उचलल्या आणि स्नेहलच्या जागेवर जाऊन बसले. "माझ्या टेबलावर गळतंय," असं सगळ्यांना सांगितलं. ती बिचारी एका शब्दानं न भांडता माझ्या खुर्चीत गेली, त्याचाही मला रागच आला.

दहा दिवसांनी, बसवेश बाहेरगावच्या कामावरून परतला त्याच सकाळी, इचलकरंजीचे रुद्राप्पा बगलेत साडी घेऊन आले.

"बघ की गं अव्वा, काय केलंस हे!"

गुलाबी साडी, काठावर मोरांची रांग. सगळे मोर आंधळे. डोळ्याचा एकच ठिपका गेला होता, पण तो प्रत्येक मोराचा गेला होता. चाळीस साड्या विणून झाल्या होत्या.

"गौरीला नेसवायच्या साड्या ह्या. देवीला आंधळा मोर चालतोय व्हय?"

आमचे मालक हंबीरराव यांनी फ्लॉपीत भरण्याआधी छापलेली कागदावरची प्रत काढली. तिच्यात डोळा होता. फ्लॉपीत नव्हता.

"म्हंजे मशीननं खाल्ला!" ते गरजले. "बसवेश, पट्टी तूच बसवलीस न्हवं?"

बसवेशनं मशीन उघडलं. पट्टीवरच्या चिपा बोटानं मोजल्या. आठ. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या जुन्या टेबलाकडं बघितलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "तुम्ही जागा कधी बदललीसा?"

"झालं की दहा दिवस... का?"

"तिकडच्या पट्टीवर नऊ चिपा हायत. नववी चिप आठांवर नजर ठेवती. लिहिताना खूण ठेवायची, वाचताना ताडून बघायचं, एखादा ठिपका बिघडला तर आपणच सुधारायचा. त्यात जरा वेळ जातोय. बेंगलोरहून एकच मिळाली होती, ती तुम्हाला लावली. पत्रातलं अक्षर चुकलं तर माणूस समजून घेतोय. माग काय समजून घेणार?"

मनगटावरचं घड्याळ मी हातानं झाकलं.

"काय कुजबुजताय?" हंबीररावांनी आवाज चढवला. "चूक कुणाची ते सांग."

बसवेशनं मशीनचं झाकण लावलं. "माझी," तो म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नगंस. दुसरा माणूस बघतो मी."

त्यानं पिशवी उचलली. माझं नाव घेतलं नाही, तक्रार केली नाही. दाराकडं चालू लागला. मी गप्प बसले असते तर माझी नोकरी, माझी अब्रू, सगळं शाबूत राहिलं असतं. फक्त तो गेला असता.

"थांबा!" मी ओरडले. "त्याची चूक न्हाय. त्यानं मला बरोबर मशीन दिलं होतं, मीच जागा बदलली. गळत-बिळत काय न्हवतं. हिचं मशीन पळायला लागलं म्हणून मी जळलो! तो हिच्याशी हसला की मी रोज जळतो!"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. रुद्राप्पांनी साडीची घडी घालायला घेतली आणि म्हणाले, "डोळं काय, आमच्या बायका सुईनं भरतील. ह्या पोरीचं बघा आधी." हंबीररावांनी कपाळाला हात लावला, पण बसवेशला थांब म्हणाले.

बसवेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कानापर्यंत लाल.

"रविवारी वडील घरात असतात काय तुझे?"

तुझे! "असतात. का?"

"आमच्या अव्वाला... आईला घेऊन येतो."

"या," मी डोळे पुसत म्हणाले. "पण आधी हिला सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

तो वळला. "स्नेहलताई, ऐकलासा न्हवं? रविवारी मी हिला मागणी घालायला चाललोय."

स्नेहल हसली. पण जरा उशिरा हसली. ते मला तेवढं दिसलं, आणि पहिल्यांदाच मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. बसवेशचा हात मात्र मी घट्ट धरून ठेवला.