डोळे भरायचे राहिलेत

"ज्या मुलांचे डोळे भरायचे राहिलेत, त्यांनी दोन नंबरच्या तंबूत यावं. चाकू धुऊन ठेवलेले आहेत!"

मुलांच्या शेती महोत्सवात भोंग्यावरून ही सूचना झाली, तेव्हा कोणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. बकऱ्यांना पाला भरवणारी मुलं पाला भरवत राहिली. एका बाईच्या हातातला सरबताचा पेला मात्र सुटला. ती डोळ्यांची डॉक्टर होती.

भाचीचा हात वहिनीच्या हातात कोंबून ती धावत सुटली. वाटेत रोपं लावायला केलेला चिखल होता. एक चप्पल तिथेच राहिली. तंबूत एक उंच माणूस चाकू घेऊन बसला होता आणि चार-पाच मुलं त्याच्यासमोर माना वाकवून उभी होती.

"चाकू खाली ठेवा आधी!"

त्याने मुकाट्याने ठेवला.

"कोणाच्या डोळ्यात काय गेलंय?"

"कोणाच्याच नाही," तो म्हणाला. "म्हणजे... गुलाबाच्या फांदीवरचा हा कोंब, याला डोळा म्हणतात. तो काढायचा आणि रानगुलाबाच्या सालीत भरायचा. कलम करतोय आम्ही."

"मग भोंग्यावर तसं सांगायचं ना!"

"आमच्या रोपवाटिकेत डोळा भरणं म्हणजे हेच. तुमच्याकडे काय करतात?"

"टाके घालतात."

मुलं खो-खो हसली. खरं तर तिने तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण त्याने स्टूल पुढे सरकवलं, पाय धुवायला झारी दिली, आणि ती बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की हा माणूस फांदी हातभर लांब धरून बघतोय.

"वय काय तुमचं?"

"छत्तीस. का?"

"छत्तिशीतच चाळिशी लागलीय तुम्हाला. चष्मा घ्या."

"काही गरज नाही. लांबचं मला लख्ख दिसतं. तुम्ही चिखलातून येत होतात ना... अगदी चप्पल कुठे अडकली तेसुद्धा दिसलं."

"आणि जवळचं?"

"जवळचं जरा धूसर आहे," तो म्हणाला आणि स्टूल किंचित जवळ ओढून बसला.

तिने हसू दाबलं. मग त्याने तिच्या हातात चाकू दिला. तिने साल उभी-आडवी चिरली, डोळा अलगद आत सरकवला. पट्टी बांधताना एक टोक त्याने धरलं, एक तिने. बोटांना बोटं लागली. दोघांनीही ती उगाचच जरा उशिरा सोडली. पट्टी इतकी घट्ट बसली की मुलांपैकी एकाने ती सोडून पुन्हा बांधून दिली.

तो तिला आवडला होता. तसं स्वतःशी कबूल करायला तिला वेळ लागला नाही. रोज सकाळभर रुग्ण तपासून तिला झटपट निदान करायची सवय होती.

तेवढ्यात वहिनी एका हातात चिखलाने बरबटलेली चप्पल आणि दुसऱ्या हातात भाची धरून आली.

"अगं, सोमवारी नव्या शहरात रुजू व्हायचंय, अजून बॅग भरली नाहीस आणि इथे गुलाब कसले लावतेस? चल, दादा गाडी काढतोय."

त्याचा हात थांबला. "बदली?"

"नव्या रुग्णालयात नोकरी. मीच मागून घेतलीय," ती म्हणाली.

"छान," तो म्हणाला आणि पुढच्या मुलाची फांदी उचलली. ती त्याने उलटी धरली होती.

ती गाडीपर्यंत आली. ही नोकरी तिला हवीच होती, अजूनही हवी होती. इथे मागे राहावं असं काही नाही, असं ती महिनाभर सगळ्यांना सांगत आली होती. आज दुपारपासून ते खोटं ठरलं होतं. गाडीचं दार उघडून ती तशीच वळली.

"आता काय विसरलीस?" दादाने विचारलं.

"विचारायचं विसरले."

तंबूत मुलं नव्हती. तो तंबूवरची पाटी उतरवत होता.

"मी नोकरी सोडणार नाही," ती धापा टाकत म्हणाली. "पण तुम्ही नुसतं 'छान' म्हणालात, ते मला अजिबात आवडलं नाही. तुम्ही मला आवडलात. हे इथे सांगून मोकळी होते, म्हणजे प्रवासात डोक्याला भुंगा नको."

त्याने पाटी खाली ठेवली.

"मला वाटलं..." तो म्हणाला. "निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये."

"बरं. मग—जाते मी."

"येतो," तो म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. निघत होती ती. तो तर तिथेच उभा होता.

"कधी?" तिने विचारलं.

"तुमचं सामान लागलं की. पहिल्याच रविवारी."

बाहेर दादा हॉर्नवर हात ठेवून बसला होता. ती सावकाश चालत निघाली.