बुधवारची अक्षरे

पाटोद्याहून बीडकडे निघालेली एसटी मांजरसुंब्याला पंक्चर झाली, यात दैवाचा काही हात नव्हता. टायर जुना होता. रुद्राणीने भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली असल्यामुळे तिला एवढे स्पष्टीकरण पुरेसे होते. चाक बदलेपर्यंत पाय मोकळे करावेत म्हणून ती ढाब्यामागे गेली, तर तिथे एक तरुण ट्रकच्या फळीवर ‘बालाघाट’ हा शब्द रंगवत होता. कार्तिकातले ऊन तिरपे पडले होते. त्याच्या कुंचल्याखालून ‘घ’ इतक्या सावकाश वळत उमटला, की रुद्राणीचा श्वासही तितकाच सावकाश झाला…

“रंगात काय बघता एवढं?” मागे न वळता त्याने विचारले.

“रंग नाही, अक्षर बघतेय. असं कागदावर काढून द्याल?”

“ट्रकवरचं कागदावर कावून?”

मग तिला कारण सांगावे लागले. बीडच्या एका सायबर कॅफेत ती काम करत असे. वेबसाइट बनवायला तिला कुणी शिकवले नव्हते. इतरांची पाने उघडून, त्यांच्यामागची मांडणी वाचून, मोडून, पुन्हा जोडून ती शिकली होती. पहिले गिऱ्हाईक सीताफळांचे व्यापारी जलालुद्दीनभाई. त्यांच्यासाठी तिने अख्खे पान मराठीत केले आणि पुण्याहून त्यांचा फोन आला, “बेटी, मेरे सीताफल के नाम पे यहाँ कव्वे के पाँव दिख रहे.” अक्षरांची वळणे, म्हणजे फॉन्ट, तिच्या संगणकात होती, पुण्याच्या संगणकात नव्हती, आणि ही साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. चित्र मात्र कुठेही जसेच्या तसे दिसते.

“म्हंजे चूक तुमची, अन् झाकायची मी,” तो म्हणाला. आता कुठे त्याने वळून पाहिले, आणि जरा जास्त वेळ पाहिले. “संगमेश म्हणतात मला. बुधवारी येतो.”

तो आला. सीताफळांचे पान मार्गी लागले, त्यामागून बियाण्यांचे दुकान आले, एक मंगल कार्यालय आले, आणि संगमेशचा बुधवार ठरून गेला. काखेत कागदाची गुंडाळी, नखांत निळा रंग. त्याची अक्षरे चित्रे करून ती पानावर चढवी आणि मग दोघे शेजारी बसून पान उघडण्याची वाट पाहत. टेलिफोनची तार मंद होती. चित्र वरून खाली उतरत येई. आधी नुसती शिरोरेघ, मग तिला लोंबणारे अर्धे काने, मग धुक्यातून गाव दिसू लागावे तसा पुरा शब्द… वर पंखा फिरे.

“लई हळू हाय ओ तुमचं यंत्र.”

“घाई आहे का तुम्हाला?”

“मी कुठं तसं म्हणलं…”

दोन वर्षे अशी गेली. मग कॅफेत नवे संगणक आले, आणि मराठी अक्षरे आता यंत्रालाच ठाऊक असतात, असे रुद्राणीच्या वाचनात आले. तिने करून पाहिले. पान टिचकीसरशी उघडले; पुण्यातल्या मैत्रिणीलाही ते नीट दिसले. चित्र नको, कुंचला नको. तिने पुन्हा पडताळले, आणि प्रयोग यशस्वी झाल्याचे तिला आयुष्यात प्रथमच वाईट वाटले. हे संगमेशला सांगितले, तर त्याला येण्याचे कारण उरणार नव्हते; आणि कारणाशिवाय तो येईल, याला पुरावा नव्हता. तिने उन्हाळा जाऊ दिला. पावसाळाही…

दिवाळीच्या तोंडावर जलालुद्दीनभाई कॅफेत येऊन बसले. “बेटी, पन्ना खुलते-खुलते मेरा फल सड जाता.”

आता गप्प राहणे अप्रामाणिकपणाचे होते. त्या बुधवारी तिने संगमेशला नवे पान दाखवले. ते एकदम उघडले. तो पडद्याजवळ वाकला.

“हे कुणी काढलं?”

“कुणीच नाही. आता नुसतं लिहिलं की दिसतं.”

“मग माझं काम संपलं म्हणा.”

“काम संपलं,” ती म्हणाली. पुढचे वाक्य तिने घरून नीट बांधून आणले होते. त्याऐवजी तिने पान बंद केले.

“बरं झालं. ट्रक लई खोळंबलेत,” तो हसला. गुंडाळी मात्र त्याने न उघडताच परत नेली.

पुढचा बुधवार उजाडला. अपेक्षा धरायची नाही, असे तिने ठरवले होते. तरी मांजरसुंब्याच्या गाडीच्या वेळेला तिची खुर्ची दाराकडे वळलेली होती. गाडी आली असावी. लोक रस्त्याने पांगले. रस्ता रिकामा झाला… आणि मग दारात संगमेश उभा राहिला. हात मोकळे होते, आणि त्या हातांचे काय करावे हे त्याला कळत नव्हते.

“आज काय काम काढलंत?”

“काहीच न्हाई. काम नसल्यावर बी यावं वाटतं का, ते बघायचं होतं.”

“मग?”

“ते तर मांजरसुंब्यालाच कळलं. इथवर आलो ते तुमाला काय कळलं, ते इचारायला.”

रुद्राणीने समोरच्या कळांवरून बोट फिरवले. लिहिले काहीच नाही.

“मला उन्हाळ्यातच कळलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्या चित्रांची गरज उरली नाही, हे तेव्हापासून माहीत होतं. सांगितलं नाही.”

“कावून?”

“सांगितलं असतं, तर बुधवार… नुसता वार राहिला असता.”

तो खुर्ची ओढून बसला, नेहमीपेक्षा अंमळ जवळ. पडद्यावर काहीही उघडत नव्हते, तरी दोघे तिकडेच पाहत राहिले.

“तुमच्या वडलांना भेटायला येईन म्हणतो,” शेवटी तो म्हणाला. “कसं समजावू त्यांना?”

“समजावू नका. पेढे घेऊन या,” रुद्राणी म्हणाली. “अप्पा पुराव्याला बधत नाहीत.”