बिनरेघेचा चष्मा

राळेगावच्या गाडीत मी तिकिटांचा गठ्ठा हात लांब करून डोळ्यांसमोर धरला होता. तेवढ्यात पहिल्या सीटवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, हात आनखी लांब केला त खिडकीच्या भाईर जाईन."

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. "कुठं जायचं?"

"वडकी. पन पह्यले सांगा, आकडा दिसून राह्यला, का अंदाजानंच फाडून राह्यल्या?"

आता मात्र बघितलं. पंचेचाळिशीचा असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि केसांत कापसाचा एक पुंजका. मागे कोणाचं तरी कापसाचं बोचकं फुटलं होतं, गाडीभर उडत होतं. तो हसत होता... आणि हसताना वाईट दिसत नव्हता, याचीच जास्त चीड आली.

"माह्यं तिकीट आजपर्यंत चुकलं नाई."

"चुकन. चाळिशी लागली तुमाले."

अख्खी गाडी हसली. मी घंटीची दोरी अशी ओढली की ड्रायव्हर बाबूसिंगभाऊंनी गाडी जागच्या जागी थांबवली. "काय झालं, ताई? कोन उतरते?"

"कोनी नाई. चला तुमी!"

मी नलिनी भगत, घरची नलू. वय बेचाळीस, लग्न केलं नाही. वडील गेल्यावर दोन भाऊ शिकवले, त्यांची लग्नं लावली, आणि स्वतःच्या हिमतीवर एसटीत कंडक्टर झाले. कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत, कोणापुढे मान खाली घालायची नाही, हा माझा बाणा. लोक मला ताठ म्हणायचे. मला त्यात शिवी कधी दिसली नाही.

पण त्या संध्याकाळी हिशेब भरताना अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. एक तिकीट चुकीचं फाडलं, तपासणीवाल्यांनी धरलं, की इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार. दुसऱ्या दिवशी राळेगावात बसस्टँडसमोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरले, तर गल्ल्यावर तोच!

परत फिरले असते. पण त्यानं बघितलं होतं, आणि नलू भगत पळाली असं कोणी म्हणावं, हे मला चालणारं नव्हतं.

"जय भीम, भगत मॅडम," तो उभा राहिला. नाव माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर वाचलं असणार. "मी धर्मपाल मेश्राम. मले वाटलं, दोन महिने लागतीन तुमाले याले."

"मी रस्त्यानं जाऊन राह्यलते."

"हो ना. म्हनून त आत आल्या."

त्या सालात कापसाला भाव नव्हता. आणि कापसाला भाव नसला की आमच्या भागात कशालाच गिऱ्हाईक नसतं. लोक चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं बांधून चालवत होते, आणि तो दोराही हाच फुकट बांधून द्यायचा. मी बसले असताना एका म्हाताऱ्याला दिला, वर पाणीही पाजलं. मला ते आवडलं. तोंडावर दिसू दिलं नाही.

डोळे तपासून तो म्हणाला, जवळचाही नंबर आहे, लांबचाही थोडा आहे. आणि मधोमध रेघ असलेला एक चष्मा पुढे ठेवला.

"हे रेघ नको. रेघ दिसली का लोक वय मोजतेत."

"मंग बिनरेघेचा हाय. वरून रस्ता दिसते, मधातून मानूस, खालून तिकीट. पन..."

"पन काय?"

"साडेचार हजार."

माझ्या अर्ध्याहून जास्त पगाराची गोष्ट होती. तो हळूच म्हणाला, "साधा घ्या, मॅडम. साधा बी शोभन तुमाले."

तो 'साधा घ्या' म्हणाला नसता, तर मी साधाच घेतला असता.

"बिनरेघेचाच द्या."

"खरं सांगू? माह्या दुकानातून हा चष्मा अजून कोनी नेला नाई. तुमीच पह्यल्या."

त्यानं मला बिननंबरच्या काचांची फ्रेम घातली आणि स्टूल ओढून अगदी समोर बसला. बुबुळ काचेवर नेमकं कुठं येतं तिथं ठिपका मारावा लागतो, म्हणे. हातात बारीक पेन.

"आता... माह्या डोयात पाहा."

बेचाळीस वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. कानापर्यंत गरम झाले. ते त्याला कळू नये म्हणून मी हनुवटी चांगली वर केली आणि त्याच्याकडे बघितलं – साहेबासमोर बघावं तसं. त्यानं पेन टेकवता टेकवता थांबवला, माझ्याकडे पाहिलं, मग टेकवला. ठिपके पडले.

नागपूरहून काचा आल्या. चष्मा ऐटदार होता, माझ्या नाकाला असा शोभला की आरशापुढून हलवेना! पण तिकीट बघायचं तर हनुवटी आभाळाकडे करावी लागे. तशी केली नाही, की आकडे धूसर. मला वाटलं, नवा आहे, सवय होईल. मान दुखायला लागली तरी मी गप्प. एवढे पैसे ओतून चष्मा चुकला, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

"ताई, पब्लिक म्हनून राह्यलं का कंडक्टरबाई नाक वर करून तिकीट देते," बाबूसिंगभाऊ म्हणाले. "मी म्हनलं, ते त आधीपासूनच देते."

आणि एके दिवशी धर्मपाल पुन्हा गाडीत. मी हनुवटी वर करून तिकीट फाडताना त्यानं बघितलं, आणि त्याचं हसणं एकदम गेलं.

"माप घेताना ठिपका खाली पडला. माह्याकडून चुकलं. नव्या काचा बसवून देतो, तुमचा एक पैसा नको."

"फुकट नाई घेत मी काही."

"मॅडम, मान दुखत असन तुमची..."

"दुखू द्या. माही हाय."

वडकीला तो उतरला. जाताना वळून बघितलं नाही. पुढचा सगळा रस्ता मला कसलाच आवाज ऐकू आला नाही. चष्मा चुकला याचं दुःख नव्हतंच मला. तो यापुढे गाडीत दिसला नाही तर... या विचारानं मी हादरले.

ड्युटी सुटल्यावर सरळ दुकानात गेले. तो वडकीहून परतला होता.

"मान मीच वर केलती, म्हनून ठिपका खाली पडला. तुमची चूक नाई."

"पन मान खाली घ्या, हे सांगाचं काम माह्यं होतं. मले दिसत होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

तो काच पुसत राहिला. पुसलेलीच काच.

"बाईले मान खाली घाल म्हननारे गावात कमी हायत का? माह्या तोंडातून नाई निंगलं ते. आन्... तुमी तशा बसल्या होत्या ना, तेव्हा मले वाटलं, इतकं चांगलं मी कदी काही पाह्यलंच नाई."

माझे डोळे भरून आले. नव्या चष्म्यातून ते लपतही नव्हतं. मला माझ्या ताठ मानेचा अभिमान होताच. पण दुसऱ्या कोणाला तिचा अभिमान वाटावा, हे सुख मला ठाऊक नव्हतं.

"काचेचे पैसे अर्धे माहे, अर्धे तुमचे," मी म्हटलं. "चूक दोघाइची."

"मंजूर."

"मंग घ्या माप."

त्यानं स्टूल ओढलं. मी आपणहून हनुवटी खाली घेतली, माझ्या खुशीनं, आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. पेन काचेला टेकला तेव्हाच विचारलं.

"मेश्राम, लग्न करता का माह्यासंग? नोकरी मी सोडनार नाई, आताच सांगून ठेवतो."

पेन असा घसरला की काचेवरून कानापर्यंत लांब रेघ उमटली. तो ती शर्टाच्या बाहीनंच पुसायला लागला, इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीनं. "सोडा म्हनते कोन! करतो... करतो ना," म्हणत हसत होता, आणि डोळे त्याचेही ओले झाले होते.

"पुन्हा पाहा इकडे," तो म्हणाला. "नीट माप घेऊ द्या."

मी बघतच होते.