सहा दिवसांनी मोठी

यादीत आपलं नाव आहे हे आचलला कळलं, तेव्हा त्या नावावर दुसऱ्याच कोणाचं तरी बोट होतं.

"बोट काढा," ती म्हणाली.

"कायले? मायं नाव पाहून राहिलो."

"ते मायं नाव आहे."

बोटाच्या मालकाने वाकून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला पेन, आणि केस असे की गाडीच्या खिडकीत बसून आला आहे हे कोणीही सांगावं. "तुमचं वरचं," तो म्हणाला, "मायं खालचं. बोट जाड आहे, त्याले मी का करू?"

गोंदियातल्या त्या संस्थेच्या फलकासमोर सकाळपासून गर्दी होती. चाळणी परीक्षा दोनशे गुणांची, जागा फक्त चाळीस. निवड झाली की वर्षभर नागपुरात राहणं, जेवण आणि स्पर्धा परीक्षेची शिकवणी, सगळं संस्थेकडून. कट-ऑफ लागला होता एकशे सदतीसला. आचलला एकशे सदतीसच होते, आणि ती आनंदाने ओरडणारच होती. पण चाळीस नंबरावर दोन नावं होती आणि दोन्हींच्या डोक्यावर चांदणी होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'समान गुण असल्यास वयाने ज्येष्ठ उमेदवारास प्राधान्य.'

आता हे सांगायला हवं की आचलसाठी ही जागा म्हणजे नुसती जागा नव्हती. श्यामलाल कटरेंनी, म्हणजे तिच्या बाबांनी, स्पष्ट सांगून ठेवलं होतं : यादीत आलीस तर नागपूर, नाही आलीस तर या मोसमात लग्न. बाबा वाईट नव्हते. फक्त धान विकून झालं की त्यांना पोरीच्या लग्नाशिवाय दुसरं काही सुचत नसे.

दोघांनी एकाच वेळी मान वळवली.

"तुमची जन्मतारीख?" त्याने विचारलं.

"पोरीले वय विचारता?"

"बरं, मी सांगतो. एक जुलै."

आचलला हसू आवरेना. "मायी पण... एक जुलै."

"साल?" त्याने घाईने विचारलं. ते सालही एकच निघालं.

यात नवल काही नव्हतं. घरी जन्मलेलं पोर शाळेत नेलं की गुरुजी आईला विचारत, कधीचं? आई सांगे, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेच्या वेळचं, नाही तर मोहफुलं वेचायच्या वेळचं. गुरुजी मान डोलावत आणि एक जुलै लिहून मोकळे होत. जिल्हाभरातले गुरुजी जणू एकाच पेनाने लिहीत. आचलच्या गावात एक जुलैला अर्धं गाव एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असे आणि कोणाचाच वाढदिवस नसे.

आतल्या टेबलामागे संस्थेचे कारकून चंद्रकुमार बाबू बसले होते. दोघांचे शाळेचे दाखले शेजारी-शेजारी ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले.

"ये तो गजब हो गया," शेवटी ते म्हणाले. "बाकीच्या दिवशी जिल्ह्यात पोरं जन्मत नाहीत का? ग्रामपंचायतीत नोंद?"

"नाई," दोघं एकदम म्हणाली.

"मग ज्या दाईने बाळंतपण केलं तिचं लेखी आणा. अंगठा तिचा, सही-शिक्का सरपंचाचा. सोमवारी बारापर्यंत. जो बडा, उसकी सीट."

बाहेर आली तर अवकाळी पाऊस. जानेवारीत कोणी छत्री घेऊन निघत नाही, म्हणून दोघं शेजारच्या चहाच्या टपरीत शिरली. बाकडं एकच होतं. आचल एका टोकाला बसली, तो दुसऱ्या टोकाला. मधे पत्र्यातून टपटप गळत होतं, त्यामुळे सभ्यपणे तेवढं अंतर राखणं भाग होतं.

"दुर्गेश बिसेन," त्याने सांगितलं. "तिसऱ्यांदा बसलो परीक्षेले. पहिल्यांदा चार मार्कांनी गेलो, दुसऱ्यांदा दोन. या वेळी बरोबर कट-ऑफवर, त तुमी येऊन बसल्या!"

"मी वरच्या ओळीत होती. तुमी खाली येऊन बसले."

"म्हणजे तुमी मोठ्या म्हणून नाई ना वर?"

"मोठीच आहे मी. पाहूनच समजते."

"पाहून त..." तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "पाहून त दुसरंच काही समजून राहिलं."

आचलचा चहा खूपच गरम होता, निदान तिने तसं स्वतःला सांगितलं. मग गावांचा विषय निघाला. तिचं सालेकशाजवळचं, त्याचं नाल्याच्या पलीकडचं. तो लहानपणापासून देवरीला मामाकडे शिकायला होता, म्हणून कधी दिसला नव्हता. आणि दाईचं नाव निघालं तेव्हा दोघांनीही कप खाली ठेवले. दोन्ही गावांत दाई एकच होती, फुलवंता आजी.

शनिवारी दुपारी आचल फुलवंता आजीच्या अंगणात पोचली तर दुर्गेश आधीच खाटेवर बसून बोरं खात होता.

"वशिला लावून राहिले?" तिने विचारलं.

"अर्धा किलो गूळ आणला. तुमी?"

आचलने पिशवीतून एक किलो गूळ काढून आजीसमोर ठेवला. दुर्गेशने तिच्याकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी दोन किलो आणायचा त्याने जागच्या जागी निश्चय केला असावा.

फुलवंता आजीने दोन्ही गूळ पदराखाली घेतले आणि मग हसत सुटली. "तुमाले का सांगू! मंडईच्या दिवशी ही झाली. सहाव्या दिवशी हिची छठी. श्यामलालनं मले जेवाले बसवलं. पहिली पुरी तोडली, त याचा बाप मुन्नालाल हाजीर! बैलगाडी घेऊन. चाल म्हणे आजी, बायकोले कळा सुटल्या. ताट तसंच टाकून गेली मी. या पोट्ट्यानं मले उपाशी ठेवलं, गा!"

"म्हणजे..." आचल म्हणाली.

"म्हणजे तू सहा दिवसांनी मोठी. दुसरं का?"

आचलने वहीचं पान फाडलं, सगळं लिहिलं, आजीचा अंगठा घेतला. दुर्गेश उरलेली बोरं खिशात घालून उठला. नाल्यापर्यंत तो सोबत चालला आणि तिथे म्हणाला, "सहा दिवस आईनं अजून दम धरला नसता, त..."

"आधी आले असते त मंडईतली जिलेबी हुकली असती तुमच्या मायची," ती म्हणाली. तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. तिसऱ्यांदा हरलेल्या माणसाचं ते हसू होतं आणि आचलला ते आवडलं नाही. जागा तिला हवीच होती. पण हा माणूसही असा मान खाली घालून जाऊ नये असं तिला वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम कशा मिळाव्यात ते तिला कळेना.

इकडे फुलवंता आजीला मात्र दोघांना अंगणात भांडताना पाहून वेगळंच दिसलं होतं. तिने संध्याकाळीच नाला ओलांडून दुर्गेशच्या आईच्या, सुलोचनाबाईंच्या कानावर घातलं : पोरगी शिकलेली, तोंडाची तिखट, मनाची चांगली. वयाचं सांगायचं ती विसरली. रविवारी सकाळी ती नातीकडे निघून गेली, आणि अकराच्या सुमारास सुलोचनाबाई आणि दुर्गेश आचलच्या दारात हजर!

आचल चहा घेऊन बाहेर आली आणि ट्रे सांडता सांडता राहिला. दुर्गेश इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसला होता, आणि तिच्याकडे पाहून त्याने कानाच्या पाळीपर्यंत लाजायची कमाल केली. बाबा खूश होते. स्थळ पायी चालून आलं होतं. पोहे आले, चिवडा आला. सुलोचनाबाईंनी आचलच्या हाताची चटणी चाखली, पसंतीची मान हलवली आणि मग एकच प्रश्न विचारला.

"पोरगी आमच्या दुर्गेशपेक्षा लहान आहे ना? आमच्या घरी नवरी मोठी चालत नाई."

आचलची आई देवकाबाई क्षणभरही थांबली नाही. "लहानच आहे! सहा दिवसांनी."

आचलने मनातल्या मनात हिशेब मांडला. लहान म्हटलं की कागद फाडावा लागणार, आणि कागद फाडला की जागा त्याची. नागपूर त्याचं. आणि वरून नवरीही त्याची! तिने दुर्गेशकडे पाहिलं. खरं काय ते त्याला माहीत होतं. आता बोलेल, आता बोलेल... दुर्गेशने चिवड्याची मूठ तोंडात टाकली. तो चावत राहिला, आणि नजर ताटातल्या शेंगदाण्यांवर ठेवली.

आईने मागून चिमटा काढला, गप राहा म्हणून. पण आचलच्या डोक्यात काही तरी सटकलं.

"मी मोठी," ती म्हणाली. "सहा दिवसांनी मोठी. फुलवंता आजीचा अंगठा आहे मायाजवळ. याईलेही माहीत आहे. याईचं तोंड भरलं आहे म्हणून मी सांगून राहिली."

कप बशीवर आपटल्याचा आवाज झाला. सुलोचनाबाई उठल्या. "चाल, दुर्गेश." दुर्गेश उठला, एकदा काही बोलायला तोंड उघडलं, ठसका लागला, आणि तसाच खोकत खोकत गेला.

आई रात्रीपर्यंत बोलली नाही. बाबा म्हणाले, "अशानं तुले कोन करणार?" आचलला रडू येत होतं, आणि राग येत होता तो रडू येण्याचा. चार दिवसांची ओळख! पण त्या टपरीत, गळत्या पत्र्याखाली, तो जे बोलला होता ते तिने खरं मानलं होतं. कट-ऑफवरचा माणूस कट-ऑफच्या खाली घसरला होता, आणि त्याचं तिला वाईट वाटत होतं.

सोमवारी सरपंचाचा शिक्का घेईपर्यंत पहिली गाडी गेली, म्हणून ती दुसऱ्या गाडीने गोंदियाला निघाली. साडेदहाला चंद्रकुमार बाबूंपुढे सरपंचाच्या शिक्क्याचा कागद ठेवला.

बाबूंनी तो उघडूनही पाहिला नाही. "मॅडम, तुमची सीट पक्की. आपका मामला तो सुबह ही निपट गया."

"कसा?"

बाबूंनी चष्मा लावला, एक अर्ज उचलला आणि मोठ्याने वाचला. "'मी दुर्गेश मुन्नालाल बिसेन लिहून देतो की आचल श्यामलाल कटरे या माझ्यापेक्षा सहा दिवसांनी मोठ्या आहेत. त्यांच्या छठीला दाईबाई जेवत असताना माझ्या जन्मामुळे त्यांना ताटावरून उठावं लागलं, याबद्दल मला खेद आहे. तसेच काल खरं बोलायला मला उशीर झाला, याबद्दल जास्त खेद आहे. जागा त्यांना द्यावी.'" बाबूंनी चष्मा काढला. "बत्तीस साल की नौकरी में ऐसा अर्ज नहीं देखा."

दुर्गेश बाहेर पायरीवर बसला होता. मांडीवर डबा होता. तिला पाहून उठला आणि काय करावं न सुचून पुन्हा बसला.

"काल काऊन बोलले नाई?" आचलने उभ्या-उभ्याच विचारलं.

"खोटं नाई सांगत," तो म्हणाला. "एक मिनिट मोह पडला. वाटलं, काहीच न बोलता सीट बी मिळते आन्... तुमी बी. चिवडा त तेव्हाच गिळून झालता. उगाच चावत राहिलो. तुमी बोलल्या, तेव्हा मले मायीच लाज वाटली." त्याने मान वर केली. "मले तुमी आवडता. पण तुमाले नागपूर न देता आवडत राहिलो, त ते आवडणं कसलं?"

आचल पायरीवर बसली. या वेळी मधे गळता पत्रा नव्हता, तरी तिने थोडं अंतर ठेवलं. थोडंच.

"आई?" तिने विचारलं.

"रुसून आहे. बाबाले म्हणे, मोठी त मोठी, वरून तोंडावर सांगते!" त्याने डबा उघडला. "पण सकाळी तिळाचे लाडू बांधले तिनं. म्हटलं, एवढे कोनाले? त म्हणे, तुले का कराचं, ने."

आचलने एक लाडू घेतला. तोंडात लाडू असताना बोलणं बरं नाही, म्हणून ती बराच वेळ काही बोलली नाही.

"आता तुमी?" तिने शेवटी विचारलं.

"चौथ्यांदा बसीन. मले सवय आहे." तो हळूच म्हणाला, "पण मले दुसऱ्या एका जागेचं विचाराचं होतं. तिथं कट-ऑफ किती लागते?"

आचलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "जागा एकच आहे. मी नागपूरवरून येईपर्यंत कोनाले देत नाई."

"आन् अट?"

"वयाची आहे." तिला हसू फुटलंच. "उमेदवार मायापेक्षा लहान पाहिजे. कमीत कमी सहा दिवसांनी."