शेपूट बरणीवर, चोच झाकणावर

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत.

भल्या सकाळी विहीणबाईंना लेकीचा फोन आला.

"आई, मला घ्यायला ये. बरणीचं झाकण गेलंय. मीच फोडून लपवलं म्हणतात."

"घ्यायला नाही, बघायला येते," विहीणबाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

या विहीणबाई म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. फुकट्या प्रवाशांची मानगूट धरण्यात सारी नोकरी गेली. माणसाच्या तोंडाकडे त्या बघतच नसत, आधी सामान बघत.

लेकीच्या सासऱ्यांचा, म्हणजे व्याह्यांचा, जुनी हाताने रंगवलेली भांडी घ्यायचा आणि विकायचा धंदा. दिवाणखाना कसला, बशांचं वसतिगृह. भिंतीवर बशा, कपाटात वाडगे, एकूणएक खुर्चीवर सुरया. आल्यागेल्याने उभं राहायचं. पाणी मात्र प्लॅस्टिकच्या ग्लासातून मिळायचं, कारण चांगली भांडी वापरली तर झिजतील ना!

सगळ्यांत मानाची ती बरणी. तिच्यावर निळा पक्षी. शेपूट आणि पंख बरणीवर, मान आणि चोच झाकणावर, सगळं एकाच हाताने एकदमच रंगवलेलं. दुसरं झाकण बसवायची सोय नाही. झाकणासकट असली तर गिऱ्हाईक पायघड्या घालेल. नुसती बरणी म्हणजे मुंडकं उडवलेली कोंबडी. आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी यायचं होतं.

"कपाट रोज हीच पुसते," व्याही म्हणाले. "संध्याकाळपर्यंत झाकण आलं नाही, तर हिला कायमची घेऊन जा."

विहीणबाईंनी जावयाकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं, जावईबापू?"

"बाबा म्हणतात तसं असेलही," जावईबापू बशीला म्हणाले. कण्याच्या जागी देवाने त्यांना नाडी घातली होती.

विहीणबाई लेकीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

"झाकण गेल्याचं आधी कळलं कोणाला?"

"मलाच. पुसायला बरणी काढली, वरचं फडकं उचललं, तर तोंडावर एक वाटी उपडी घातलेली."

"वाटी कशाला?"

"फडक्याखाली फुगवटा दिसावा म्हणून असेल. मी लगेच बाबांना हाक मारली."

"काल कोण आलं होतं?"

दोघं आले होते. सकाळी संग्राहक मंडळाचे अध्यक्ष. हे पांढरे हातमोजे घालून हिंडत आणि भांड्याला 'बाळ' म्हणत, म्हणून घरात त्यांचं नाव हातमोजे. संध्याकाळी एक दलाल, त्याचं नाव घासाघीस. दोघांनाही व्याह्यांनी उघड्या कपाटापाशी थोडा वेळ एकटं सोडलं होतं. एकदा चष्मा शोधायला, एकदा फोन घ्यायला.

"येताना काय आणलं, जाताना काय नेलं, तेवढं सांग."

घासाघीस हात हलवत आला, तसाच गेला. शर्ट इतका तंग की आत कंगवा असता तरी दाते मोजता आले असते. हातमोज्यांनी स्वतःची एक बिनझाकणाची बरणी दाखवायला आणली होती, मापाने शिवलेल्या पिशवीत.

"पिशवीची चेन?"

"येताना लावलेली होती. जाताना बरणी टॉवेलात गुंडाळलेली. मी चेन लावायला गेले, तर म्हणाले, राहू दे पोरी, बाळाला हवा लागू दे."

विहीणबाईंनी संध्याकाळी दोघांनाही बोलावलं.

घासाघीस आल्या आल्या म्हणाला, झाकण नसेल तर फुलदाणी म्हणून घेतो, रद्दीच्या भावात. जावईबापू व्याह्यांच्या कानात कुजबुजले की चोर हाच. हातमोज्यांनी नाक मुरडलं. आपल्याला व्यवहार नको, म्हणाले. अपंग बाळाला मंडळात नेऊ, फुकट सांभाळू. व्याह्यांचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस आणि एवढं मन!

"जाण्याआधी पुसून तरी देते," म्हणत विहीणबाईंनी बरणी टॉवेलात घेतली आणि आत गेल्या.

खळ्ळकन आवाज झाला.

त्या बाहेर आल्या ते टॉवेलात खापऱ्या घेऊन. "निसटली बाई हातातून."

व्याही मटकन खुर्चीत बसले. घासाघीस "चला, जेवायला मोकळे," म्हणाला. हातमोजे मात्र किंचाळले, "अहो, मग मी ते झाकण काय चाटत बसू?"

सगळ्यांच्या माना हातमोज्यांकडे वळल्या.

"कुठलं झाकण?" विहीणबाईंनी गोड आवाजात विचारलं. मग आतून बरणी आणून टेबलावर ठेवली. धडधाकट. "फुटली ती मिठाची बरणी."

हातमोजे दाराकडे सरकले. दारात लेक उभी होती.

"लेकीने फोडलं असतं तर वाटी घालून लपवलं असतं आणि वर स्वतःच हाक मारली असती का?" विहीणबाई म्हणाल्या. "चोरी लगेच कळू नये अशी ज्याची गरज, वाटी त्याची. घासाघीस रिकाम्या हाताने आला, त्या शर्टात लिमलेटची गोळीही लपली नसती. तुमची पिशवी मात्र बरणीच्या मापाची. येताना चेन लागली, जाताना लागेना. का? बरणी उघड्या डोक्याने आली आणि टोपी घालून गेली. झाकण तुमच्या घरी पोचलंच होतं, आज बरणी फुकट न्यायची, की जोडी पूर्ण. हा दलाल निदान चार पैसे तरी देत होता. फुकट सांभाळतो म्हणणाऱ्याचं सामान मी आधी उघडते."

जावईबापू हातमोज्यांसोबत जाऊन झाकण घेऊन आले. मान धडावर बसली.

"सूनबाई, झालं गेलं..." व्याह्यांनी सुरुवात केली.

सुनेने त्यांच्या हातात फडकं ठेवलं. "आता तुम्हीच पुसा, बाबा. मी आईकडे चालले. घ्यायला यायचं की नाही, हे यांनी ठरवावं. तुम्हाला न विचारता."

संपलं. पण मघापासून माझा एक दात हलतोय, म्हणून सांगून टाकते. ती मिठाची बरणी मी घातली पदरची. त्या घरात मीठसुद्धा प्लॅस्टिकच्या डब्यात. विहीणबाईंनी फोडली ती व्याह्यांची लाडकी सुरई, खुर्चीवरून आधीच आत नेऊन ठेवलेली. नाहीतर त्यांना मटकन बसायला रिकामी खुर्ची कुठून मिळाली असती?